स्टीलच्या सिंकवरचे ओरखडे आणि पुन्हा पुन्हा येणारे तांबूस ठिपके: तपासणी कुठून सुरू करावी आणि कुठे थांबावे

लक्षणे

स्टेनलेस स्टीलचे सिंक, ओट्यावरचे पत्रे, जिन्याचे कठडे आणि उपाहारगृहांतली टेबले दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. घरे वेगळी असली तरी तक्रारी जवळजवळ त्याच असतात:

– सिंकच्या तळाला, जिथे कुकर आणि कढई टेकतात तिथे, करड्या-काळपट रेघा उमटतात आणि भांड्यांच्या साबणाने त्या जात नाहीत.
– मूळ बारीक रेषांना आडवे किंवा गोलाकार ओरखडे पडतात. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की ते ठळक होतात आणि दुपारी दिसेनासे होतात.
– ओरखडा घालवण्याचा प्रयत्न केल्यावर तेवढाच भाग जास्त चकचकीत किंवा जास्त धुरकट होतो, आणि हा चट्टा मूळ ओरखड्यापेक्षा अधिक नजरेत भरतो.
– तांबूस ठिपके येतात, घासले की जातात आणि दोन-चार दिवसांत त्याच जागी परत येतात.
– जाळीच्या भोवती किंवा कोपऱ्यात काळे टोचे पडतात आणि त्यांवरून नख फिरवले की खड्डा लागतो.

ही लक्षणे एकत्र दिसली तरी प्रत्येकाचे कारण निराळे असते. कारण न ओळखता पॉलिश पेपर हातात घेतला की साधे काम अवघड होऊन बसते, म्हणून पुढच्या तपासण्या मी फुकट होणाऱ्यांपासून कष्टाच्या कामापर्यंत क्रमाने मांडल्या आहेत.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सिंकच्या मॅट पत्र्यावर आपल्याला जो पोत दिसतो तो रंग किंवा मुलामा नसून, कारखान्यात खरखरीत पट्ट्याने एकाच दिशेने पाडलेल्या हजारो बारीक रेषा असतात. ओरखडा म्हणजे त्या रेषांमध्ये शिरलेली चुकीच्या दिशेची किंवा चुकीच्या खोलीची एक रेघ. त्यामुळे दुरुस्ती करताना पत्रा गुळगुळीत करायचा नसतो, तर भोवतालच्या रेषांशी जुळणाऱ्या रेषा त्या जागी पुन्हा आणायच्या असतात. घरी बिघडलेली बहुतेक कामे मी पाहिली आहेत ती एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे बिघडलेली होती.

पहिली तपासणी: तो खरोखर ओरखडा आहे का?

ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा बराच मऊ असतो. त्याचा कुकर किंवा कढई सिंकच्या तळावरून सरकली की कागदावर पेन्सिलीची रेघ उमटावी तशी ॲल्युमिनियमची रेघ स्टीलवर उमटते. पत्रा कापलेला नसतो, त्यावर दुसरा धातू चिकटलेला असतो. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून दाट लेप करावा आणि मऊ ओल्या फडक्याने, पत्र्याच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने, दोन-तीन मिनिटे चोळावा. फडके काळपट झाले आणि रेघ फिकी पडली तर काम तिथेच संपले. सोड्याने पूर्ण गेली नाही तर चमचाभर लिंबूसत्त्व पेलाभर पाण्यात विरघळवून त्याने पुसावे.

बोअरच्या पाण्याचे पांढरे थरही तिरप्या उजेडात ओरखड्यांसारखे दिसतात. पांढऱ्या व्हिनेगरात भिजवलेले फडके दहा मिनिटे ठेवले की ते सुटतात. या तपासणीला खर्च जवळजवळ नाही, तरी ती टाळू नये, कारण जी रेघ पुसून जाणार होती तिच्यासाठी पत्रा घासला तर खरे ओरखडे त्यानंतर पडतात.

दुसरी तपासणी: वर लेप आहे का?

काळे, सोनेरी किंवा तांबूस रंगाचे सिंक आतून स्टेनलेस स्टीलचेच असतात, पण त्यांचा रंग अतिशय पातळ थराचा असतो. फ्रिजच्या अनेक दारांवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो, आणि काही दारे तर मुळात स्टेनलेस स्टीलची नसून स्टीलसारखा दिसणारा रंग किंवा फिल्म चढवलेल्या साध्या पत्र्याची असतात. ओरखड्याच्या तळाचा रंग भोवतालच्या रंगाहून वेगळा दिसत असेल, किंवा रेषा दिसतात पण बोटाला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागतो, तर वर लेप आहे असे समजावे. अशा पृष्ठभागावर कोणतीही घासणी किंवा पॉलिश पेपर चालवू नये. लेप गेला की तो घरी परत येत नाही, त्यामुळे यानंतर लिहिलेले काहीही अशा पृष्ठभागाला लागू नाही.

तिसरी तपासणी: रेषा कोणत्या दिशेने जातात?

मोबाइलचा दिवा पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरावा आणि सावकाश फिरवावा. ज्या दिशेने दिवा धरल्यावर बारीक रेषा उठून दिसतात, त्या दिशेला काटकोनात त्या रेषा जात असतात. भांडी निथळण्याच्या भागावर त्या बहुधा लांबीच्या दिशेने असतात, पण खोलगट भागाच्या भिंतींवर निराळ्या असू शकतात, म्हणून प्रत्येक भाग वेगळा पाहून दिशा कागदी टेपच्या तुकड्यावर बाण काढून चिकटवावी. दाबयंत्रावर एकाच पत्र्यातून खोल ओढून केलेल्या काही सिंकना ठरावीक दिशाच नसते, नुसता धुरकट पोत असतो. तिथे फक्त ओरखड्यावर काम न करता सगळा तळ हलक्या हाताने सारखा करावा लागतो. ताट, डबा, पातेले यांच्या तळावर रेषा गोलाकार असतात, कारण पॉलिश करताना ती भांडी फिरत असतात. त्यामुळे तिथे हातही गोलाकारच फिरवायचा.

भांड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर टोचून कोरलेली नावे काढून द्या अशी मागणी अधूनमधून होते. त्या ठिपक्यांनी बनलेल्या अक्षरांकडे भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपका म्हणजे उठलेल्या कडांची छोटी वाटी असते. कडा घासून जातात, वाटी राहते, आणि ती घालवायची तर भोवतालचा सगळा पत्रा तेवढा पातळ करावा लागतो. मी हे काम घेत नाही आणि ते करूही नये असे माझे मत आहे.

चौथी तपासणी: नख अडकते का?

ओरखड्याला आडवे नख फिरवावे. नख अजिबात अडकले नाही तर घासणीने (तारेच्या नव्हे, पुढे साहित्यात दिलेल्या न विणलेल्या) काम होईल. किंचित जाणवले तर पॉलिश पेपर लागेल. नख ठळकपणे अडकून थांबले तर तो ओरखडा हाताने पूर्ण घालवण्याचा आग्रह धरू नये. सिंकचा पत्रा साधारण ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि एका रेघेसाठी एकाच जागी खूप घासले तर तिथे खळगा पडतो. मग पाणी तिथे साचते, त्याचे क्षार साचतात आणि डाग कायमचा मुक्कामाला येतो.

पाचवी तपासणी: तांबूस ठिपके पत्र्याचे की बाहेरून आलेल्या लोखंडाचे?

हा सगळ्यांत जास्त वेळा परत येणारा आणि सगळ्यांत जास्त गैरसमजाचा दोष आहे. ‘स्टीलला गंज चढला म्हणजे दुकानदाराने फसवले’ असे लोक लगेच म्हणतात. कधी ते खरेही असते, पण मी पाहिलेल्या सिंकांत पत्रा बहुधा ठीक असतो आणि गंजत असते ते त्यात रुतलेले परके लोखंड.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक थर पृष्ठभागावर तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. साध्या लोखंडी तारेची घासणी वापरली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण रेषांच्या खाचांत अडकतात. हे कण पाण्याने गंजतात आणि आपण पुन्हा त्याच घासणीने तो गंज घासतो. डाग जातो, नवे कण बसतात आणि चार दिवसांनी ठिपके परत दिसतात. ओला लोखंडी तवा रात्रभर सिंकमध्ये राहणे, शेजारी खिडकीच्या ग्रिलचे कटिंग चालू असताना उडालेली धूळ बसणे, ही याच दोषाची इतर कारणे आहेत.

तपासणी सोपी आहे. डाग घासून पूर्ण घालवावेत, पृष्ठभाग धुऊन पुसावा आणि त्यावर पांढरे ओले सुती फडके किंवा भिजवलेला कागदी रुमाल रात्रभर पसरून ठेवावा. सकाळी फडक्यावर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके उमटले तर लोखंड अजून आत आहे.

उपाय असा की एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, त्यात भिजवलेली फडकी पत्र्यावर अर्धा तास ओली ठेवावीत, मग नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरडे पुसावे. लिंबूसत्त्व लोखंडाचे कण विरघळवते, पण चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला एवढ्या वेळात इजा करत नाही. ठिपके पुन्हा उमटले तर हेच आणखी एकदा करावे. लोखंडी तारेची घासणी मात्र त्याच दिवशी घराबाहेर काढावी, नाहीतर या कष्टाला अर्थ राहत नाही.

ही चूक एकदा माझ्या हातूनही झाली आहे. एका इमारतीच्या जिन्याचा कठडा आम्ही बसवला तेव्हा एका जोडावर घाईने अशी चकती चालवली, जी आदल्या दिवशी लोखंडी फाटकाला वापरली होती. काम देताना कठडा आरशासारखा होता. पहिल्या पावसानंतर त्याच जोडाभोवती हाताच्या पंजाएवढा भाग तांबूस झाला. स्वखर्चाने तो पुन्हा साफ करून दिला आणि तेव्हापासून स्टेनलेसच्या चकत्या, ब्रश आणि पॉलिश पेपर यांचा डबाच वेगळा ठेवला. घरीसुद्धा हाच नियम पाळावा: लोखंडावर वापरलेला पॉलिश पेपर स्टेनलेसला लावू नये.

सहावी तपासणी: मीठ, ब्लीच किंवा ॲसिड लागले आहे का?

काळे टोचे आणि बारीक खड्डे असतील तर कारण बहुधा क्लोराइड असते. मिठाचे पाणी, लोणच्याचा खार, ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड यांतले क्लोराइड तो संरक्षक थर एखाद्या बिंदूपाशी भेदते आणि तिथून खड्डा आत खोल जातो. नव्या घरात हे फार घडते. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कामगार ॲसिड वापरतात, दारे-खिडक्या बंद असतात आणि ॲसिडच्या वाफा सिंकवर, नळांवर आणि फ्रिजवर बसतात. ‘कोणी हातही लावला नव्हता, तरी आठ दिवसांत डाग पडले’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न फरशी कशाने धुतली हा विचारतो.

वरवरचा डाग असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवून पाचव्या तपासणीतला लिंबूसत्त्वाचा उपाय करावा. खड्डा पडला असेल तर तो घासून जात नाही, कारण असे खड्डे तोंडाशी लहान आणि आत रुंद असू शकतात. वरचा भाग घासला की आतली पोकळी उघडी पडते आणि डाग मोठा दिसू लागतो. आणखी एक सूचना अगदी गांभीर्याने देतो: ब्लीच आणि कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर असो वा लिंबूसत्त्व, एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

सातवी तपासणी: स्टीलची जात

लोहचुंबक लावून पाहावे. स्टेनलेसच्या जाती आकड्यांनी ओळखतात. चुंबक घट्ट चिकटला तर पत्रा बहुधा ४३० सारख्या निकेलविरहित जातीचा आहे. हलका ओढला गेला, तेही फक्त कोपऱ्यांत आणि वाकवलेल्या जागी, तर घाबरू नये. निकेल असलेल्या ३०४ जातीचा पत्रा दाबून वाकवला की तिथे थोडे चुंबकत्व येते. अजिबात चिकटला नाही म्हणून तो ३०४ आहे असेही समजू नये, कारण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या २०२ जातीलाही चुंबक चिकटत नाही. हा फरक फॅब्रिकेटर रसायनाचा थेंब टाकून ओळखतात. जात कळली की अपेक्षा ठरवता येते. २०२ वर लिंबूसत्त्वाचा उपाय चालतो, पण दमट जागी ती जात ३०४ इतकी टिकणार नाही.

प्रत्यक्ष ओरखडे काढणे

साहित्य थोडे लागते: हार्डवेअरच्या दुकानातला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ६००, ४००, ३२० आणि २२० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), करडी आणि तपकिरी-लाल बारीक न विणलेली घासणी (गुंतलेल्या धाग्यांची चौकोनी गादी), हाताच्या तळव्याएवढा सपाट लाकडी ठोकळा, कागदी टेप आणि साबणाचे पाणी. हातमोजे जरूर घालावेत, कारण पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

सुरुवात नेहमी सगळ्यांत मऊ साधनाने आणि न दिसणाऱ्या जागी करावी, उदाहरणार्थ नळाच्या मागे किंवा भांडी निथळण्याच्या भागाच्या कडेला. करड्या घासणीने दहा-बारा हात मारून पाहावे, पुरले नाही तर तपकिरी-लाल घ्यावी, तेही पुरले नाही तरच ठोकळ्याला ६०० चा पेपर गुंडाळावा आणि गरजेपुरते ४००, ३२० असे खाली यावे. २२० च्या खाली हाताने जाऊ नये. जाड पेपरने सुरुवात केली तर एक ओरखडा घालवताना शंभर नवे पडतात आणि मग ते काढत बसावे लागते.

हाताची चाल यात सर्वांत महत्त्वाची आहे. ठोकळा एका टोकाला टेकवायचा, सारख्या दाबाने सरळ दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा आणि उचलून पुन्हा पहिल्या टोकाला आणायचा. मागे-पुढे करायचे नाही, मध्ये थांबायचे नाही आणि सिंकच्या मॅट पत्र्यावर गोल तर मुळीच फिरवायचे नाही. मध्ये थांबलेला प्रत्येक हात आडव्या कंसासारखी खूण सोडतो आणि ती नंतर फार त्रास देते. शेजारचा भाग वेगळ्या दिशेच्या रेषांचा असेल तर सीमेवर टेप लावावी. ओरखडा मधोमध असला तरी हात पूर्ण लांबीचा मारावा आणि बाजूच्या चार-सहा बोटांच्या पट्ट्यावर दाब हळूहळू कमी करत न्यावा, म्हणजे नवे आणि जुने यांची सीमा दिसत नाही. पाणी वाहते ठेवावे आणि दर पंधरा-वीस हातांनी पुसून, दिवा आडवा धरून पाहावे.

चकचकीत चट्टा का पडतो याचे उत्तर इथे आहे. कारखान्याचा मॅट पोत साधारण १५० ते १८० नंबरच्या पट्ट्याचा असतो आणि वापराने तो थोडा मऊ पडतो. आपण ६०० ने घासून थांबलो की तो भाग शेजारपेक्षा जास्त गुळगुळीत होतो आणि आरशासारखा चमकतो. ‘अजून घासू’ म्हणत बारीक पेपर चालवत राहिले तर चट्टा वाढतच जातो. शेवटचा हात नेहमी भोवतालच्या पोताशी जुळणाऱ्या साधनाचा असावा. बहुतेक वापरलेल्या सिंकवर तपकिरी-लाल घासणीचे पाच-सहा लांब हात हे काम करतात, आणि नव्या पत्र्यावर ३२० किंवा २२० चा हलका शेवटचा हात लागतो. काम झाले की पत्रा धुवून, लिंबूसत्त्वाचा अर्ध्या तासाचा उपाय करून कोरडा पुसावा.

घरगुती ड्रिल किंवा ग्राइंडरला चकती लावून हे लवकर होईल असे वाटते, पण तसे करू नये. स्टेनलेस स्टील साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश इतकीच उष्णता वाहून नेते. त्यामुळे चकतीखालची उष्णता जागीच साचते, पत्रा पिवळा-निळा पडतो आणि पातळ पत्रा फुगून येतो. फुगलेला पत्रा पूर्ववत होत नाही.

कोकणपट्टीवरच्या कठड्यांबद्दल

समुद्राजवळच्या घरांत कठड्यांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे येतात. ते वाऱ्याने आलेल्या मिठाचे असतात आणि पावसाने धुतला जाणारा भाग त्यामानाने स्वच्छ राहतो, छपराखालचा भाग जास्त खराब होतो. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ जात जास्त टिकते, पण तीही धुवावी लागतेच. गोड्या पाण्याने आठवड्यातून एकदा धुवून पुसणे हा पॉलिशपेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. अशा कठड्याला जाड पेपरने घासू नये, कारण खोल रेषांत मीठ आणखी अडकते.

कुठे थांबावे आणि माणूस बोलवावा

लेप दिलेला पृष्ठभाग असेल, आरशासारखी चकाकी असेल किंवा नख ठळकपणे अडकत असेल तर हाताने पुढे जाऊ नये. आरशाच्या पोताला पेपरच्या अनेक पायऱ्या, मग बफ (फिरते कापडी चाक) आणि लस्टर (त्यावर लावायचा पॉलिशचा मसाला) लागतो आणि त्यातली एक पायरी चुकली तरी धुरकट ढग राहतो. सिंकच्या खाली ओल दिसत असेल, खड्डा आरपार गेला असेल किंवा जोडाला चीर असेल तर प्रश्न पॉलिशचा राहिलेला नसतो. तिथे आर्गन वेल्डिंग करणारा माणूस लागतो किंवा सिंक बदलावे लागते. वेल्डिंगभोवतीचा निळा-काळा रंग काढायला नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाचा लेप वापरतात. तो घरी आणू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते आणि सुरुवातीला दुखतही नाही. डेअरी, मिठाई किंवा औषधांच्या कारखान्यात अन्नाला टेकणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ठरवून दिलेला असतो, बहुधा ०.८ मायक्रॉनपर्यंत, म्हणून तिथे हाताने केलेली दुरुस्ती चालत नाही.

बफिंगवाला किंवा फॅब्रिकेटर आला की काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: चकत्या फक्त स्टेनलेसच्याच आहेत का, आणि एका कोपऱ्यात हातभर जागा करून दाखवाल का. काम झाल्यावर पूर्ण पैसे देण्याआधी ओले पांढरे फडके रात्रभर त्या जागेवर ठेवावे. सकाळी त्यावर एक जरी तांबूस ठिपका दिसला तर ते फडके तसेच ठेवून त्याला परत बोलवावे आणि दाखवावे.